आत्याचं रजिस्टर आणि चौदा वर्षांचा लॅपटॉप

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आत्याच्या वाचनालयाची मागच्या बाजूची कौलं उडाली. पुस्तकं बरीचशी वाचली, कारण कपाटं लोखंडी आणि दारं घट्ट. टेबलावर राहिलेलं दाखलनोंद रजिस्टर मात्र चिंब भिजलं. आधीच्या ग्रंथपालांची ती जुनी पानं शाईच्या पेनानं लिहिलेली. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं म्हणतात. पाण्यानं त्या मोत्यांचं निळं सरबत केलं. आत्यानं पानं सोडवून दोरीवर कपड्यांचे चिमटे लावून वाळवली. पानं वाळली, मजकूर गेला तो गेला. जवळजवळ दोनशे नोंदी नंतर तिनं एकेक पुस्तक उघडून, आतला शिक्का आणि दाखल क्रमांक बघून पुन्हा जुळवल्या.

दापोली तालुक्यातलं आमचं गाव. वाचनालय दोन खोल्यांचं, शासनमान्य 'क' वर्गाचं, चार हजारांवर पुस्तकांचं. आत्या तिथली ग्रंथपाल. तीच शिपाई, तीच झाडूवाली, आणि वार्षिक अहवालाच्या दिवसांत तीच कारकून. वादळापासून तिचं एक पालुपद सुरू झालं, "हे सगळं एकदा कॉम्प्युटरवर घालायला हवं गं." दर गणपतीत मी "हो, बघू या" म्हणायचे आणि मोदक खाऊन ठाण्याला परत यायचे. असं पाच वर्षं चाललं.

मी कॉम्प्युटरवाली नाही हे आधीच सांगते. एका कंपनीत पगारपत्रकं करते. टॅली येतं, एक्सेल बऱ्यापैकी येतं, आणि प्रिंटर अडला तर मी आयटीतल्या मुलाला हाक मारते. पण आमच्या घराण्यात टॅली येणारी मी एकटीच, त्यामुळे कॉम्प्युटरचं खातं आपोआप माझ्याकडे.

नवीन लॅपटॉप आत्यानंच नको म्हटलं. संस्थेच्या पैशातून घ्यायचा तर कार्यकारिणीचा ठराव, तीन दरपत्रकं, आणि एका सदस्याचं "आमच्या वेळी काय होता कॉम्प्युटर?" हे भाषण. माझ्या पैशातून नवा घ्यायला तिचा जीव होईना. शेवटी दहा हजारांच्या आत, जुना चालेल, असं ठरलं. नवरा म्हणाला, "जुना घेऊन डोकेदुखी विकत घेशील." हे वाक्य त्यानं पुढचे तीन आठवडे रोज जेवताना म्हटलं.

ऑफिसातल्या आयटीच्या मुलाला विचारलं. तो एका दमात म्हणाला, "ताई, थिंकपॅड घ्या. टी सिरीज. २०११ ते १३ मधला. दिसायला ठोकळा आहे, पण स्क्रूड्रायव्हर असला की उघडतो." त्याचं म्हणणं असं की हल्लीच्या पातळ लॅपटॉपांत मेमरी बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. ह्या जुन्यांत डिस्क, मेमरी, बॅटरी सगळं सुटं, जे मेलं ते बदला. थिंकपॅड मूळचे आयबीएमचे, २००५ मध्ये तो धंदा लेनोवोनं घेतला. मोठ्या कंपन्या असले लॅपटॉप शेकड्यांनी घेतात, तीन-चार वर्षांनी बदलतात, आणि मग ते गठ्ठ्यानं बाजारात येतात. म्हणून सुटे भागही सहज मिळतात.

फेब्रुवारी २०२५ मधल्या एका शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेले. ज्यांनी तो रस्ता बघितला नाही त्यांच्यासाठी: फुटपाथवर केबलींची भेंडोळी, त्यातून वाट काढत गाळे, गाळ्यांत माळे, आणि माळ्यावर लॅपटॉप असे रचलेले जसे हलवायाकडे खोके. बऱ्याच झाकणांवर कंपनीच्या मालमत्तेचे स्टिकर अर्धवट खरवडलेले. आपण कोणाच्या तरी ऑफिसातल्या टेबलाचा तुकडा विकत घेतोय असं वाटतं.

आयटीच्या मुलानं एक गोष्ट पढवून पाठवलं होतं. चालू करताना एफ १ दाबायचं आणि पासवर्ड मागतोय का बघायचं. कंपन्या बायोसला, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या मूळ सेटिंगना, पासवर्ड घालतात, तो काढायचा राहिला की लॅपटॉप चालतो पण आतल्या सेटिंग बदलता येत नाहीत. आणि थिंकपॅडचा तो पासवर्ड आतली बटण-बॅटरी काढूनही जात नाही, कारण तो वेगळ्या चिपमध्ये बसलेला असतो. दुकानदारानं दाखवलेल्या पहिल्याच लॅपटॉपवर कुलपाचं चित्र आलं. "मॅडम, त्यानं काही फरक पडत नाही, चालतोय ना?" मी म्हटलं, दुसरा दाखवा. त्यानं माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. माझ्या ज्ञानाची पुंजी तिथेच संपत होती, पण ते त्याला कुठे माहीत?

दुसरा टी ४२०. २०११ चं मॉडेल, चौदा इंची पडदा, इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय फाइव्ह. कीबोर्डच्या मधोमध तो लाल ठिपका, कुंकू लावल्यासारखा. बिजागऱ्या घट्ट होत्या. एक कोरा दस्तऐवज उघडून सगळी बटणं एकेक दाबून बघितली, तेवढ्यात दुकानदाराची दोन गिऱ्हाइकं निघून गेली तरी. आठ हजार सांगितले, साडेसहाला तुटला. "एसएसडी टाकलेली आहे, मॅडम, रॉकेट आहे."

घरी आणून चालू केला तर रॉकेट पेटेचना. विंडोज १० उघडायला चार मिनिटं, आणि त्यानंतर कुठेही क्लिक केलं की आतून करकर. एसएसडी म्हणजे चिपांची डिस्क, ती करकर करत नाही, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, एवढं मलाही माहीत होतं. मागचा एक स्क्रू काढून डिस्क ओढली तर साधी फिरती हार्ड डिस्क निघाली. ऑफिसात मुलाकडून तिची कुंडली काढून घेतली: एकोणीस हजार तास चाललेली. रोजचे आठ तास धरले तर सुट्टी न घेता साडेसहा वर्षं. दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला घेऊन या, बघू. तिकिटाचा आणि शनिवारचा हिशेब करून मी गेले नाही. दुकानाचं नाव लिहीत नाही. पण तुम्ही घ्याल तेव्हा "एसएसडी आहे" ह्या शब्दावर विसंबू नका, उघडून दाखवायला सांगा.

मग खरेदीची शेपटी वाढत गेली. २४० जीबीची नवी एसएसडी १,७५०. मेमरी चारची आठ जीबी करायला एक जुनी डीडीआर थ्री पट्टी ८००. बॅटरी बारा मिनिटांत मान टाकत होती म्हणून नवी, कंपनीची नव्हे पण बसणारी, १,९००. मुलगा म्हणाला, नशीब तुमचं टी ४२० आहे, ह्याच्या पुढच्या मॉडेलपासून लॅपटॉप परकी बॅटरी ओळखून चार्जच करत नाही. शिवाय चालू करताना हा लॅपटॉप दोनदा टीं-टीं करून तारीख तपासा म्हणायचा. त्याचं कारण आतली घड्याळाची बटण-बॅटरी संपलेली. ती वायरसकट दीडशेला. आता वाचनालयाचं सगळं राज्य तारखेवर चालतं. कोणी कधी नेलं, कधी आणलं, दंड किती. घड्याळ विसरणारा लॅपटॉप तिथे चालणार कसा? एकूण ११,१००. दहा हजारांची लक्ष्मणरेषा अकराशेनं ओलांडली, ते नवऱ्याला मी आजतागायत सांगितलेलं नाही. आता कळेल.

एका रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरून ही सगळी शस्त्रक्रिया केली. स्क्रू कुठला कुठून काढला ते विसरू नये म्हणून कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून स्क्रू त्या त्या जागी चिकटपट्टीनं लावले. मेमरीची पट्टी तिरकी सरकवून खाली दाबायची, दोन्ही बाजूंचे चिमटे टक्कन बसतात. तो टक्क आवाज आला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे जमतंय. पंख्याच्या जाळीत धूळ नव्हती, धुळीचं कापड होतं, राखाडी, नमद्यासारखं. कान साफ करायच्या काडीनं ते अख्खं एका तुकड्यात बाहेर आलं. नवरा तेव्हा मात्र चहा टाकून बघत उभा राहिला.

आता त्यात घालायचं काय? विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर. हा दुसऱ्या पिढीचा. म्हणजे तो दरवाजा बंद. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर होतं. मशीन धडधाकट असताना केवळ कागदावर म्हातारं ठरवलेलं. राज्य सरकारच्या नोकरीत अठ्ठावन्नला घरी पाठवतात तसंच. आत्या चौसष्टीला आली तरी वाचनालय ओढतेच आहे.

मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट घातलं, एक्सएफसीई नावाचं हलकं रूप, आवृत्ती २२.१. फुकट आहे आणि २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. नवऱ्याच्या लॅपटॉपवरून जवळजवळ तीन जीबीची फाइल उतरवली, पेनड्राइव्हवर चढवली, थिंकपॅड चालू करताना एफ १२ दाबून पेनड्राइव्ह निवडला. वीस मिनिटांत काम झालं. वायफाय, आवाज, पडद्याचा उजेड सगळं न सांगता चाललं. ह्यात सांगण्यासारखं खरंच काही घडलं नाही, म्हणून पुढे जाते.

एक कारण मात्र सांगायला हवं. वाचनालयाचा पेनड्राइव्ह छपाईसाठी तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो, आणि तिथून परत येताना सोबत पाहुणे आणतो. सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात, क्लिक केलं की रोग आपल्या घरात. ते रोग विंडोजसाठी बनलेले. मिंटमध्ये ते नुसते वेड्यावाकड्या नावांच्या फाइली म्हणून पडून राहतात, आत्या त्या निवडते आणि कचऱ्यात टाकते. तांदळातले खडे वेचावेत तशी.

शिमग्याला लॅपटॉप गावी नेला. खरी गोष्ट तिथून सुरू होते.

माझा समज होता की आत्याला टायपिंग अ आ इ पासून शिकवावं लागेल. तिनं कीबोर्डवर हात ठेवले आणि मी गप्प झाले. मनगटं वर, दहाही बोटं आपापल्या जागी, नजर कीबोर्डवर नव्हेच. "१९८१ साली मराठी टायपिंगची परीक्षा दिल्येय मी. मिनिटाला तीस शब्द. दापोलीला क्लास होता, एसटीनं जायची." हे मला एकोणचाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. परीक्षा पास झाली, नोकरीचा कॉल आला, आजोबांनी पाठवलं नाही. तिनं हे एका वाक्यात सांगितलं आणि म्हणाली, "हं, क कुठाय?"

पण तिची बोटं टाइपरायटरची होती आणि मी लावला होता इनस्क्रिप्ट. मिंटमध्ये वेगळं काही उतरवावं लागत नाही, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट असतो, तो जोडायचा. त्यात डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे व्यंजनं. टाइपरायटरशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्यातही जागा बदलल्या हे एकवेळ ठीक, तिला अडवलं पहिल्या वेलांटीनं. टाइपरायटरच्या मशीनवर 'कि' काढायचा तर आधी वेलांटी मारायची, मग क, कारण कागदावर वेलांटी आधी येते. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आताच्या अक्षरपद्धतीत, बोलतो तसं: आधी क, मग वेलांटी. आत्याची बोटं चव्वेचाळीस वर्षांच्या सवयीनं आधी वेलांटीवर जायची आणि पडद्यावर एक ठिपक्याठिपक्यांचं बोडकं वर्तुळ उगवायचं, डोक्यावर वेलांटी घेऊन. "हे काय भूत आलं?" म्हणायची. 'विनायक' ह्या एका नावात पहिल्या दिवशी तीन भुतं आली.

दुसरी अडचण त्याहून मजेची. टाइपरायटरवर अर्धा त मारून पुढे काना दिला की पूर्ण त होतो. म्हणजे अर्ध्यातून पूर्ण. इनस्क्रिप्टमध्ये पूर्ण त आधी, मग हलन्त देऊन अर्धा. आत्या म्हणाली, "अगं, हे म्हणजे आधी अख्खी पोळी करायची आणि मग मोडायची." हलन्त डीवर आहे. दोन दिवसांनी ती डीला 'मोडणी' म्हणायला लागली. "ऱ्य कसा काढायचा?" तर शिफ्ट धरून जे, मग मोडणी, मग य. "दुसऱ्या" हा शब्द तिला पहिल्यांदा नीट उमटला तेव्हा तिनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा बघितला.

बटणांवर चिकटवायला मी ऑनलाइन मराठी अक्षरांचे स्टिकर मागवले होते. कोकणातल्या दमटपणात पंधरा दिवसांत त्यांचे कोपरे उचलले आणि 'ळ' आत्याच्या बोटाला चिकटून चहाच्या कपापर्यंत गेला. मग तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर कीबोर्डचा तक्ता काढून भिंतीवर टांगला. मात्रा लाल पेनानं, व्यंजनं निळ्या. तो अजून आहे. आता ती बघत नाही, पण काढतही नाही.

मोह मलाही झाला होता. ग्रंथालयांसाठीची मोठी सॉफ्टवेअर असतात, बारकोड, वेबसाइट, वाचकांना मेसेज. मी एका रात्री ते सगळं स्वप्नात बघितलं. सकाळी आत्याला विचारलं, तुला नक्की काय हवंय? "रजिस्टर. भिजणार नाही असं." संपलं. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये, म्हणजे मिंटवरच्या एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये, एक तक्ता केला: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत, वर्गांक, शेरा. हुबेहूब तिच्या रजिस्टरचेच रकाने, त्याच क्रमानं. डोळ्यांसाठी अक्षर मोठं केलं. पडद्यावर तीनच चित्रं ठेवली: रजिस्टर, देवघेव, बंद करा. पासवर्ड तिनं ठेवू दिला नाही. "वाचनालयाला कुलूप आहे तेवढं पुरे."

हा लॅपटॉप जुना होता म्हणून कामाला आला असं नाही, आणि नवा असता म्हणून जास्त कामाला आला असता असंही नाही. त्याला एकच काम दिलं आणि ते काम बाईच्या हाताला ओळखीचं होतं, एवढीच त्यातली गोम. भाच्यांनी मे महिन्यात त्यावर यूट्यूब लावलं तर पंखा कपाटातल्या मांजरासारखा गुरगुरायला लागला. यूट्यूब हल्ली व्हिडिओ ज्या पद्धतीनं पाठवतं ती उलगडायची सोय २०११ च्या चिपमध्ये नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. तोच लॅपटॉप, तक्ता उघडला की दिवसभर हूं की चूं करत नाही. बँकेचं काम त्यावर करू नका असं मी बजावलंय. पासवर्ड नाही, सतरा हात लागतात.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाण्याला काही नियम नसतो. ढग दिसले की जाते. नवी बॅटरी साडेतीन तास चालते. आणि ह्या जुन्या थिंकपॅडच्या पडद्याच्या वरच्या काठाला एक इवलासा दिवा आहे, एफएन आणि पेज अप एकत्र दाबलं की तो खाली कीबोर्डवर उजेड पाडतो. पुढच्या मॉडेलांतून कंपनीनं तो हळूहळू काढून टाकला. मला तो आहे हे माहीतच नव्हतं. आत्यानं शोधला, चुकून काहीतरी दाबून. जुलैमध्ये फोनवर सांगत होती, "लाइट गेले होते, मी आपली देव्हाऱ्यातल्या समईइतक्या उजेडात पन्नास पुस्तकं चढवली."

चार्जरचं एक दुखणं आहे. ह्याची पिन गोल, मधे काडी असलेली. हल्लीचा कोणताच चार्जर तिला बसत नाही, एसटी स्टँडजवळच्या मोबाइलवाल्याकडे तर नाहीच. म्हणून एक जुना जास्तीचा घेऊन ठेवला, तो ११,१०० मध्ये धरलेला नाही. तेही आता कळेल.

मी ठाण्यात बसून फोनवर थोडा हातभार लावायचे. ती ओल्या रजिस्टरच्या उरलेल्या पानांचे फोटो पाठवायची, मी मोबाइलवरच टाइप करून यादी परत पाठवायची. त्यातून एक विचित्र गोंधळ निघाला. 'ॲडव्होकेट' शोधलं तर तिनं घातलेल्या नोंदी सापडायच्या, मी घातलेल्या नाहीत. डोळ्यांना दोन्ही ॲ सारखेच. पण एक ॲ म्हणजे एक आख्खं अक्षर, आणि दुसरा म्हणजे अ वर वेगळी दिलेली चंद्रकोर. मशीनच्या लेखी दोघांची आडनावंच वेगळी. शोधा-आणि-बदला करून सगळे एका कुळात आणले. ऱ्य चीही तीच कथा. हे कळायला मला दोन रात्री लागल्या, आणि ह्या दोन रात्रींत मी जे शिकले ते पगारपत्रकांच्या पंधरा वर्षांत शिकले नव्हते.

त्याशिवाय दर गुरुवारी, वाचनालय बंद असतं त्या दिवशी, तिचे फोन. "पान वर कसं न्यायचं?" "रकाना रुंद झालाय, आवळू कसा?" "मी काहीतरी दाबलं आणि सगळं गेलं." (कंट्रोल झेड. हे मी तिला एवढ्या वेळा सांगितलंय की आता ती दूध उतू गेलं तरी कंट्रोल झेड म्हणते.) "दोन तारखांमधले दिवस कसे मोजायचे?" ह्याचं उत्तर सोपं, एकातून दुसरी वजा कर. मला वाटलं, वर्गणीच्या थकबाकीसाठी हवं असेल.

दर शनिवारी ती रजिस्टरची प्रत दोन पेनड्राइव्हवर घेते. एक घरात तांदळाच्या डब्यात, का तर तिथे ओल येत नाही. दुसरा कोणी मुंबईला येणारं असलं की माझ्याकडे पाठवते आणि माझ्याकडचा परत मागवते. आंबे, कोकम, फणसाचे गरे आणि पेनड्राइव्ह, अशी आता तिच्या पिशवीची यादी असते. पुन्हा वादळ आलंच तर कौलं जातील, यादी ठाण्यात असेल.

सुरुवातीला दिवसाला पंधरा नोंदी व्हायच्या. गणपतीत मी गेले तेव्हा एकोणीसशे झाल्या होत्या. मी लॅपटॉपच्या दुरुस्त्या उतरवून घेतल्या, पंख्यातली धूळ काढली, बाकी हात लावला नाही. भुतं यायची थांबली होती. नंतर वेग तीसवर गेला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटची नोंद झाली: ४,३१२.

यादी पूर्ण झाल्यावर आत्यानं पडताळणी काढली. कॉलेजच्या दोन मुली मदतीला, एक कपाटासमोर उभी राहून क्रमांक वाचणार, दुसरी शेऱ्यात 'आहे' लिहिणार. चार दिवस चाललं. शेवटी ज्या ओळींपुढे काही नव्हतं त्या गाळून घेतल्या. ६१ पुस्तकं नव्हती. मग आत्या माळ्यावर चढली, देवघेवीच्या जुन्या वह्या उतरवल्या आणि एकसष्टांतली एकेक कुठे गेली ते शोधत बसली. काही लोक वारले, काही गाव सोडून गेले, काहींनी "अगो, ते होय!" म्हणून कपाटामागून काढून दिली. तेवीस परत आली.

नाताळच्या दिवशी तिचा फोन आला.

"तुझ्याकडे दाखल क्रमांक २,२१७ आहे का बघ."

"माझ्याकडे? कुठून असणार?"

"२५ मे १९९९. तुझीच सही आहे. आठवीत जाणार होतीस, सुट्टीत आलेली. अक्षर तेव्हापासूनच गचाळ."

मी दिवाणखान्यातल्या मांडणीपाशी गेले. तळच्या खणात, लेकाच्या जुन्या चित्रकलेच्या वह्यांखाली, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं. आत वाचनालयाचा गोल शिक्का, आणि त्याखाली निळ्या शाईत, मोत्यासारख्या अक्षरात, २,२१७.

"आहे," मी म्हटलं.

"असणारच. पंधरा दिवस माफ धरले. उरले ९,६९६. जुन्या दरानं, दिवसाला दहा पैसे." मागून बटणं दाबल्याचा आवाज आला. "नऊशे एकोणसत्तर रुपये साठ पैसे. शिमग्याला येशील तेव्हा सुटे आण, माझ्याकडे चाळीस पैसे नाहीत."